लाथ

लाइल व्होडिच्कासाठी चेंडू मी धरायचो.
त्याच्या सात संघांपैकी एकात, चार हंगाम.
एक गुडघा गवतात, डाव्या तर्जनीचं टोक
चेंडूच्या शेंड्यावर, इतकंच हलकं
जितकं झोपलेल्या पोराच्या कपाळाला लावावं.
मग बूट यायचा.

चेंडू मागे फेकल्यापासून उडेपर्यंत सव्वा सेकंद.
पिट्सबर्गच्या हॉटेलात कागदी रुमालावर
त्यानं एकदा बेरीज मांडून दाखवली:
आजवरच्या सगळ्या लाथा मिळून नऊ मिनिटं.
"नऊ मिनिटांत अंडं उकडतं," म्हणाला.
"जेमतेम."

बाकीचे पन्नास जण हाडं मोडून घ्यायचे.
ह्याची विजार कोरी परत यायची.
कपडे धुणारा म्हातारा ओडेल म्हणायचा,
ह्या संघात माझा एकच मित्र आहे.

बाप विहिरी पाडायचा, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत.
लाथ मारीन तिथे पाणी काढीन म्हणणारा,
आणि काढायचा खरंच, दुसऱ्यांच्या गुरांसाठी,
दोनशे फुटांवर.
पोराची लाथ टीव्हीवर आली की तो उठायचा
आणि अंगणात कुत्र्याशी बोलत बसायचा.
निकाल आई खिडकीतून सांगायची, अंगठ्यानं.

मंगळवार वाईट.
मंगळवारी रिकाम्या मैदानात पाच जण बोलावले जायचे.
पाचही एकमेकांना ओळखणारे,
एकमेकांच्या बायकांची दुखणी विचारणारे,
एकमेकांच्या पोटावर पाय द्यायला आलेले.
एकाला नोकरी. उरलेले चौघे
विमानतळाला एकाच टॅक्सीनं, भाडं वाटून.
लाइलचं नाव लॉकरवर नेहमी चिकटपट्टीवरच होतं.
ती सोलायला किती वेळ लागतो
हेही त्यानं मोजलं असणार.

लोकांना आठवतो तो एकावन्न यार्डांचा गोल,
शेवटच्या ठोक्याला, ज्यानंतर त्याला खांद्यावर घेतलं.
मी सांगतो, तो फसला होता.
बूट टाचेकडून बसला, आवाज ओल्या पोत्यासारखा,
वाऱ्यानं दया केली आणि चेंडू कसाबसा आत ढकलला.
लाइलनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आणि तो दुसरा, सदतीस यार्डांचा,
एरी तळ्याकाठी, डिसेंबरात,
जो पोरंसोरंही मारतील म्हणून लोक आधीच उठून निघाले होते,
त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.
कोरड्या लाकडावर कुऱ्हाडीचा एकच घाव.
चार वर्षांत तसा दुसरा नाही.
मान वर न करता मी म्हणालो, गेला.
मग खांबाचा आवाज आला.

सोमवारी काळ्या कचऱ्याच्या पिशवीत
तीन जोड बूट घेऊन तो गेला. उजवे झिजलेले,
डावे जवळपास नवे.
पत्रकारांना म्हणाला, माझा पाय चुकला.
पाय चुकला नव्हता.
हे मी कोणाला सांगणार होतो?

परवा मी त्याच्याकडे गेलो.
आता तो शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो,
शरदात शाळेच्या दोन पोरांना शिकवतो,
त्यातली एक मुलगी, तिचा पाय चांगला आहे म्हणतो.
जेवणानंतर फडताळातून चेंडू काढला,
आम्ही कुरणात गेलो.
माझा गुडघा आता वाकत नाही, तरी वाकवला.
तर्जनी शेंड्यावर.
तो तीन पावलं मागे गेला, दोन डावीकडे.
गवताची काडी तोडली, सोडली, ती कुठे जाते पाहिलं.
खूप वेळ पाहिलं.

मग म्हणाला, "हेगमनचा पंप चालू राहिलाय बहुतेक,"
आणि तारेच्या कुंपणाकडे चालू लागला.

मी बोट काढलं नाही.