लाल शाई

निवृत्तीला अकरा दिवस उरलेत.
जुनी रजिस्टरं खाली काढतेय,
कडा कसरीने खाल्लेल्या.

हे एकोणनव्वद सालचं, सुरगाण्याकडच्या पाड्यांचं.
एका पानावर चाळीस नावं, त्यातल्या तेरांपुढे
माझ्याच हातचं लाल अधिक.
तेव्हा दौलत गांगुर्डे काचपट्ट्या आणायचा
पेपरात गुंडाळून, सायकलवरून.
म्हणायचा, "बाई, आवणीला आलेले सगळेच कुडकुडत होते."
मी दुर्बिणीला डोळा लावायची:
जांभळ्या रक्तात बारीक अंगठ्या,
एका बाजूला खडा बसवलेल्या.
एवढ्या पाहिल्या, की साखरपुड्यातली
आठवडाभर बोटाला परकी वाटली.

पुढच्या रजिस्टरांत लाल शाई विरळ होत जाते.
तेरा, नऊ, चार.
मग एका साली एकदम सतरा.
साहेब म्हणाले, आलेख काय सरळ उतरतो?
म्हैस घाट उतरते तसा उतरतो,
थांबत, मागे वळून बघत.

मच्छरदाण्या आल्या. दौलत गेला.
दारामागच्या फवारणीच्या तारखा
लोकांनी रंग देऊन पुसल्या.

आणि ताप
शहरात राहायला आला.
पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
मनीप्लांटच्या बाटलीत, कूलरच्या तळाशी.
याचा डास दिवसाढवळ्या चावतो,
आणि हा माझ्या काचेखाली दिसत नाही.
पट्टीवर थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं,
दोन रेघा आल्या की आहे.
डोळ्याचं काम संपलं, घड्याळाचं उरलं.
पूर्वी दिवाळीनंतर आम्ही आवरायचो.
आता द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात
त्या पहाटेनंतरही
दुसरी रेघ उमटते, फिकट, पण उमटते.

परवा मात्र,
गंगापूर रोडच्या बांधकामावरून आलेली काचपट्टी.
सवयीने मोजत होते, एकसष्टाव्या घरात
ती.
चार वर्षांनी.
"सापडली!" मी ओरडलेच.
सायमा पिंजारी धावत आली, नवी आहे,
तिने फक्त पुस्तकात पाहिलेली.
आळीपाळीने बघत बसलो दोघी
कुणाच्या घरचा दागिना बघावा तशा.

मग चिठ्ठी उलटली.
बुधा किसन भोये. वय एकोणीस.
तीन दिवस थंडी वाजून ताप.

लाल पेन वाळलेलं निघालं.
शेजारच्या टेबलावरून मागून आणलं,
दोनदा कागदावर गिरवून पाहिलं,
आणि कोऱ्या रकान्यात
अधिक काढलं,
जमेल तेवढं लहान.