आठवा खळगा

क्रेम्नित्साच्या चौकात माझं दुकान आहे.
चौक इतका उतरता, की दारातून निसटलेलं नाणं
थेट खालच्या कारंज्यापाशी जाऊन आडवं होतं.
दुकान मेहुण्याचं. तो गेला,
तराजू, भिंग आणि उधारीची वही मागे ठेवून.

दर शनिवारी ओटोकार येतो.
काखेत बुटांचं खोकं, खोक्यात नाण्यांचे संच,
मुलगी जन्मली तेव्हापासून वर्षाला एक,
वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं.
"आता काय भाव?"
विचारतो टोपी हातात धरून,
डॉक्टरला विचारावं तसं.
मी म्हणते, घेतलास तेवढ्यालाच जाईल,
फार तर वर एक कॉफी सुटेल.
"पण मी इतकं जपलं!"

अरे बाबा, सगळ्यांनीच जपलं.
या गावात प्रत्येक कपाटात,
इस्त्रीच्या टेबलक्लॉथखाली
हाच संच झोपलाय,
बोटाचा ठसा न लागलेला.
आपण जपल्यानं भाव येत नाही,
इतरांनी न जपल्यानं येतो.

हे मी मोठ्यानं बोलत नाही.
गिऱ्हाईक तुटतं.

आणि मग तो एका वर्षाचा संच.
वेष्टणावर सुतारपक्षी छापला होता,
लोक म्हणाले, ही तर दात दुखणारी कोंबडी.
त्या हिवाळ्यात खोऱ्यातला काचकारखाना बंद पडलेला,
माणसं ओंडके मोजून शेगडीत घालत होती.
नाणी देऊन नाणी कोण विकत घेणार?
खोकी आली तशी टाकसाळीत परत गेली,
टाकसाळीनं ती वितळवली,
कुणी हळहळलं नाही.

आज त्याच कोंबडीला तीसपट देतात.
व्हिएन्नाहून एक बाई फोन करते,
हवापाण्याचं बोलते, खोकते,
मग हळूच, "अजून नाही ना आला?"
ग्राझच्या एका दंतवैद्याकडे आहे,
मीच विकला होता त्याला, स्वस्तात.
हे आठवलं की रात्री कूस बदलते.

मंगळवारी हेडविगा आली,
पोस्टात फरशी पुसायची ती.
पिशवीतून आधी कांदे काढले,
मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो.

मी हातमोजे घातले. आत तळवे घामेजलेले.
"तुम्ही का घेतला होता हा?"
"काउंटरवर नवं पोरगं होतं.
दिवसभरात एकही खपला नव्हता,
साहेब आत येरझारा घालत होता.
पोराचे कान बघवेनात, लाल लाल.
म्हणून घेतला.
पक्षी मलाही आवडला नव्हता."

उघडला.
सात नाणी, आरशासारखी.
आठवा खळगा रिकामा.

"शिमोननं घेतलं ते. नातू.
सहा वर्षांचा होता, जत्रेत, आइस्क्रीमला.
पिस्त्याचे दोन गोळे.
उरलेले चाळीस सेंट इमानदारीत आणून दिले हं मला.
मी ते त्याच भोकात ठेवून पाहिले,
नीट बसेनात."

मी सात नाण्यांचा भाव सांगितला.
तिनं कांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि संच परत कागदात गुंडाळला.
"राहू दे. त्याला दाखवीन, लग्नात."

ती गेल्यावर मी वही काढली,
शाबूत संचांचा आकडा खोडला,
एकानं कमी करून लिहिला.
म्हणजे तिकडे ग्राझमध्ये,
कुणाच्या तरी दाढेत डोकावत असताना
दंतवैद्य त्या दुपारी थोडा श्रीमंत झाला,
त्याला न कळता,
पिस्त्याच्या दोन गोळ्यांनी.

परवा शनिवार. ओटोकार येईल,
काखेत खोकं, हातात टोपी.
त्याला विचारीन म्हणते,
तुझ्या मुलीला आइस्क्रीम
आवडतं का रे?