सांग्रिया, खानापूर

चोर्ला घाटातून आलेल्या दोन बाटल्या
आणि लोणच्याची बरणी.
तीनदा धुतली, तरी मेथीचा वास हटेना.
"ऱ्हाऊ दे," इर्मेलीन म्हणाली,
"खानापुरात ती अशीच लागायची."

मोसंबं सालीसकट, काजूची दोन बोंडं,
ओंजळभर करवंदं, चिकानं बोटं चिकटलेली.
साखरेचं प्रमाण कुणालाच ठाऊक नाही.
कुंपणापलीकडून नीलव्वा चमचे मोजत होत्या;
चौथ्याला ओरडल्या, "साकु, साकु!"

रात्री दोनदा उठून झाकण काढलं.
करवंदं तरंगतच होती, हट्टी.

रविवारी सगळे जमले. पेले कमी पडले,
कुणी लोट्यात घेतली.
थेंबाला न शिवणाऱ्या नीलव्वांनी
पळीनं एक करवंद उचललं, तोंडात टाकलं.
"ह्ये फळच की," म्हणाल्या.

मी कुठं काय म्हटलं?
पळी त्यांच्याच हातात राहिली.