पोटात काय होतं

डब्यात माझ्या सदतीस लूर आहेत.
एक तर इतका देखणा की पाण्यात टाकवत नाही,
पाठ निळी, पोट चांदीचं, डोळ्यात लाल टिकली.
अलिबागच्या दुकानात नऊशे ऐंशीला घेतला
आणि घरी सांगितलं, तीनशे.

तीन वर्षं साळावच्या पुलाखाली फेकत होतो.
एकदा चिंबोरी आली, नांगीत धरून, रागावलेली.
बाकी कालवांनी तंगूस कापलं,
खांबांनी गळ ठेवून घेतले.
जिताडा नुसता ऐकू यायचा:
फट्ट,
ओल्या गादीवर कुणी थापट मारावी तसा,
आणि नेहमी पलीकडच्या खांबाशी.

शुक्रवारी रेवदंड्याच्या बाजारात
चांगुणाबाईच्या विळीवर नऊ किलोचा आडवा होता.
मी कल्ल्याची धार बघत उभा.
"दुकानान रंग कसले बगतोस रं," ती म्हणाली,
"ह्याच्या पोटान बग."

तीन बोयटं निघाली, डोक्याकडून गिळलेली,
शेपट्या अजून शाबूत.
एक निवटी, उकडल्यासारखी पांढरी.
आणि जबड्याच्या कोपऱ्यात
एक गंजका गळ, वर बोटभर तंगूस,
सात वेटोळ्यांची गाठ, शेवटचं उलटं.
असं उलटं वेटोळं या खाडीवर
एकटा मीच घालतो.

"तुजा आसंल त घे," म्हणाली. पैसे नाही घेतले.

म्हणजे आला होता.
कुठल्याशा रात्री माझ्या दोरीला आला होता,
आणि मी त्याला पुलाचा खांब समजून
शिव्या देत दोरी तोडली होती.

मग रोह्याला, रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत,
लेथवर पांगाऱ्याचा तुकडा चढवला.
लांबी त्या बोयटाएवढी, सुतळीनं मोजून आणलेली.
ओठाला रॉकेलच्या जुन्या डब्याचा पत्रा.
पाठ शेवाळी, मळकी;
पोट चांदीचं नाही, ओल्या राखेचं.
दोंदे साहेब मागे येऊन उभे राहिले, म्हणाले,
हा कुठल्या मशीनचा पार्ट?
मी म्हटलं, खाडीचा.

उधाणाचा तिसरा दिवस. सुकती लागलेली.
खाजणातलं पाणी बारक्या नाळीतून बाहेर पडतं
तिथे तो तोंड वर करून उभा असतो,
उजेड संपतो त्या रेघेच्या आत, सावलीत;
पळायचं नाही त्याला, वाट बघायची असते.
म्हणून प्रवाहाच्या वर टाकायचं
आणि येऊ द्यायचं वाहत,
दोन झटके, मग काहीच नाही.
हे काहीच नाही सगळ्यात अवघड.
हात शिवशिवतो. डास कानात बोलतात.
मी मनात दहापर्यंत मोजायचो,
त्या रात्री सतराला पोचलो.

फट्ट.

रीलनं किंचाळी फोडली.
ती वर आली, अख्खी, पुलाच्या दिव्यात,
डोळ्यात निखारा,
आणि मी काठी खाली झुकवली, नमस्कार केल्यासारखी,
ताण सुटावा म्हणून; हे तरी शिकलो होतो.
ती म्हणतोय, कारण एवढा मोठा जिताडा
लहानपणी नर असतो आणि मग मादी होतो.
चांगुणाबाईच्या विळीनं हेही किती गाभोळीत पाहिलंय.

चिखलापर्यंत आणली. गुडघाभर रुतलो.
हात पुढे केला तशी तिनं मान झटकली,
पांगारा माझ्या छातीवर आदळला,
तोंडातून काहीबाही सांडलं,
आणि पाणी मिटलं.

बॅटरीत पाहिलं: पाच कोळंब्या.
फक्त कोळंब्या.
एकही बोयट नाही.

सकाळी बाजारात जाऊन सगळं सांगितलं.
चांगुणाबाई बर्फावरचे बांगडे सारखे करत होती.
"कोलंबी खात व्हती त तुजं लाकूड का धरलान?"
मीच तिला विचारायला आलो होतो.
विळीला पाणी लावत ती जरा थांबली.
"भूक नसंल," म्हणाली. "राग आसंल.
तिच्या दारान उभा व्हतास ना तू, सतरापर्यंत."