तीन वार म्हणण्याआधी

हाकोदाते. सकाळचे साडेआठ. रात्रीपासून गोळी बंद,
म्हणून आसारी-सान खुर्चीत बसलेत
बर्फात ठेवून कुणी विसरून गेलेल्या माशासारखे.
उपमा त्यांचीच. चाळीस वर्षं
बंदरावर माशांचा लिलाव पुकारला त्यांनी.

डावा मेंदू, उजवा हात.
आत खोल तारेचं टोक, टोकावर चार कड्या,
प्रत्येकीचा शेजार निराळा:
एकीच्या पलीकडे हात, एकीच्या पलीकडे जीभ,
एकीच्या पलीकडे उगाचच रडू.
माझ्या हाती पाटीएवढा स्क्रीन.
मागे मिनेगिशी बाई, हाताची घडी घालून, गप्प.

मी मनगट धरते, सावकाश फिरवते.
गंजल्या रहाटासारखं ते अडत अडत येतं.
"मनगटाकडे बघ," पहिल्याच आठवड्यात
बाई म्हणाल्या होत्या, "आकडा कुठे पळून जात नाही."

एक. दीड. दोन.
पंखा बंद केल्यावर पाती मोजता यावीत
तशी बोटं सुटी दिसू लागतात.
आणखी थोडं.
तीनला हात मांडीवर पडून राहतो
ओहोटीनंतरच्या शिंपल्यासारखा, अगदी निवांत,
आणि मला इतका आनंद होतो
की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची विसरते.

खिडकीपाशी बसलेल्या फुमिए-सान विचारतात,
"हे कोण बोलतंय?"

आसारी-सान काहीतरी सांगत होते.
जीभ जड झाली हे सांगायचं होतं,
आणि सांगायचं जिभेनंच.

बाई पहिल्यांदा पुढे येतात.
हाताचं नावही काढत नाहीत.
"आज माकूल काय भाव?"

मी खाली उतरते. दोन पूर्णांक आठ: चिखल.
दोन पूर्णांक सात: शब्द गुडघाभर पाण्यात.
दोन पूर्णांक सहा,
आणि घशातून तो पुकारा निघतो, घोगरा, बारीक,
पण पाय मोकळे असलेला,
खोकी, वजनं, बोटींची नावं उडवत धावणारा.
बाहेरच्या बाकावरचा कुणी पेशंट दारातून डोकावतो.
एक वार. दोन वार.
फुमिए-सान रुमाल शोधतात.

करंगळी मात्र पुन्हा थोडी हलू लागलेली.
माझं बोट स्क्रीनकडे जातं. बाई ते हळूच धरतात.
आसारी-सान करंगळी निरखतात.
"हे गिऱ्हाईक जुनं आहे," म्हणतात,
"शेवटपर्यंत भाव पाडतं. राहू दे."

कंप क्षणात कळतो, ताठरपणा मिनिटात,
चाल कळायला आठवडे जातात.
वहीत मी दोन पूर्णांक सहा लिहिते,
तीनपुढे एक बारीक फुली.

दाराशी त्यांचा पाय जमिनीला चिकटतो.
फुमिए-सान न बोलता छत्री आडवी धरतात
त्यांच्या बुटांपुढे, फरशीला टेकवून.
ते छत्री ओलांडतात. मग कॉरिडॉरभर चालत जातात.

हे कोणत्या कडीवर बसतं, मी विचारते.
बाई आधीच पुढच्या पेशंटला हाक मारायला गेलेल्या.