रबराचा वेढा

खोनकेनला पंधरा दिवस होते मी,
कंपनीच्या खर्चानं, कंपनीची टोपी घालून.
जालन्याच्या ऑफिसनं सांगितलं होतं,
मिरचीचं परागीकरण तिकडच्या बाया कसं करतात, बघून या.
बघितलं.
चिमटा तोच. कळी उमलायच्या आधी उघडायची,
आतले नर खुडून टाकायचे,
दुसऱ्या फुलाची पूड बोटानं लावायची,
लाल दोरा बांधायचा.
तीन पानांचा अहवाल दिला.

त्यात न बसलेलं हे :

तिथे 'पी' म्हणजे ताई.
म्हणून पी बुआ. बुआ म्हणजे कमळ.
पंचावन्नची, गुडघ्याला फडकं गुंडाळलेली.
भेटली की पहिला प्रश्न, भात खाल्लास का?
हाच नमस्कार, हीच ख्यालीखुशाली.
मला द्वारकामावशी आठवली,
झाली का भाकर, म्हणून बांधावरून हाक मारणारी,
टोपल्यात भाकर असो नसो.

दुपारी झाडाखाली मातीचं उखळ यायचं.
लसूण, मिरच्या, भाजलेले शेंगदाणे,
चिंचेचं पाणी, ताडगूळ, कच्च्या पपईचा कीस.
मग एका बाटलीतलं काळपट काहीतरी,
ज्याच्या वासानं मी दोन पावलं मागं.
आंबवलेला मासा. सगळ्याजणी हसल्या.
पण मुसळाचा आवाज ओळखीचा निघाला,
ठेच्याचा.
तिसऱ्या दिवशी मी बोटं चाटत होते.

परतले ती थेट जाफराबादच्या शेडनेटमध्ये.
ऑक्टोबरचं ऊन जाळीतून गाळून येत होतं.
कडूबाईनं घरून लोखंडी खलबत्ता आणला.
मासा नाही टाकला.
तिनं चिमूटभर तोंडात घातलं, म्हणाली,
"माय, ही तर कोशिंबीर.
एवढ्यासाठी इमानात बसलीस?"
मुमताज म्हणाली, "आमच्यात बुआ म्हणजे फुफी."

मग त्यांनी ते विचारलं
जे ऑफिसात कुणाला सुचलं नव्हतं.
हजेरी किती पडती त्याहिला?
बाटचे रुपये करून सांगितले.
थोडा वेळ कुणी बोललं नाही, नुसते चिमटे.
लेकरं कुणाकडं?
आजीकडं.
त्या बुआची लेक?
बँकॉकात, हॉटेलच्या चादरी बदलते. एप्रिलात येते.
अन् सांजच्याला घरी जाऊन चूल?

नाही, म्हटलं.
कोपऱ्यावर एक बाई कालवणं विकते.
गरमच पिशवीत ओतते, पिशवी फुग्यासारखी फुगवते,
रबराचा एक वेढा, दोन, तीन, टक्.
स्कूटरच्या मुठीला लटकवून घरी.

"रोज?"
बहुतेक रोज.
"अन् नवरा?"
खातो.
"काही म्हणत न्हाई?"
मीठ कमी आहे म्हणतो. पण हिला नाही.

शेवंता इतकी हसली
की डोळ्याला पदर लावावा लागला,
आणि मग बराच वेळ तो काढलाच नाही.

कडूबाई हसली नाही.
"इकणारी कवा उठती?"
रात्री तीनला.
"मंग चूल काही इझली न्हाई, बाई.
एकीच्या दारातून दुसरीच्या दारात सरकली."

साडेपाचला टमटम आली.
माझ्या पर्समध्ये पी बुआच्या पिशवीचं रबर होतं,
लाल. का आणलं होतं, माहीत नाही.
मुमताजनं मागून घेतलं, उरलेली पपई पिशवीत भरली,
आणि आठ बाया आळीपाळीनं
हवा कोंडून बघायला लागल्या.
कुणाची गाठ सुटली,
कुणाच्या मांडीवर चिंचेचं पाणी.
द्वारकामावशीची पहिल्या फटक्यात बसली. टक्.
बावीस वर्षं फुलांना दोरे बांधलेली बोटं.

फाट्यावर उतरली पिशवी उंच धरून,
"आज माझ्याकडं सैपाक न्हाई!"
असं आख्ख्या रस्त्याला ओरडली,
आणि चार पावलं गेल्यावर
वाकून
दोन काटक्या उचलल्या.