उनी का?

आज चौथा दिवस, डायपर नाही.
दोन जादा चड्ड्या, नाही, पाच,
पाण्याची बाटली, जुना टॉवेल,
आणि साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत
बदकाच्या तोंडाचं पिवळं भांडं,
ज्याच्याशिवाय ओजू कुठेच बसत नाही.

जळगावहून धुळ्याला आम्ही दोघंच.
तिची आई सिव्हिलला, रात्रपाळी उरकून स्टँडवर येणार.
फोनवर म्हणाली, दर अर्ध्या तासानं विचार.
पाळधीला विचारलं: नाही.
एरंडोलला विचारलं: नाही. आणि सारखं विचारू नको.
एरंडोल सुटलं, गाडीनं वेग धरला,
तेव्हा खिडकीतून तोंड न वळवता ती म्हणाली,
बाबा, शी.

भरल्या एसटीत उभं राहून
हा शब्द मोठ्यानं म्हणायला
बापाला किती वेळ लागतो?
मला तीन किलोमीटर लागले.
कंडक्टरनं माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं
आणि दोरी ओढली. एकदाच.

रस्त्याकडेला दादर उभी, कणसं भरलेली.
मी पायानं ढेकळं सारली, भांडं ठेवलं,
बदकाचं तोंड शेताकडे, तिच्या हुकमाप्रमाणे.
ती बसली. हातात एक पान घेतलं. वाचू लागली.
मागे इंजिन धडधडत होतं
आणि काचा एकेक करून सरकत होत्या.
पाटोड्यांचा डबा मांडीवर धरलेल्या बाईनं हाक मारली,
उनी का?
नही उनी! मी ओरडलो,
शाळेत छडी खाऊन सोडलेल्या भाषेत,
आणि माझं मलाच नवल वाटलं.
मागच्या खिडकीनं पुढच्या खिडकीला सांगितलं,
नही उनी.

गेली, ओजू म्हणाली.
कुठे गेली?
आत.

पारोळ्याला गाडी दहा मिनिटं.
दोन दारं. एकावर मिशा, एकावर कुंकू.
मिशांच्या दारात घोट्यापर्यंत ओल,
आणि पुरुषांची जी रांग, ती नेमकी तिच्या डोळ्यांच्या उंचीला.
कुंकवाच्या दारात मी कसा जाणार?
आम्हा दोघांचं मिळून
चित्रच कुणी काढलं नव्हतं.

टेबलामागे सुट्टे पैसे मोजणारी बाई म्हणाली,
इकडे आन तिले. मी दखस.
ओजूनं माझ्या गुडघ्याला मिठी मारली, नखांसकट.
बाईनं हट्ट केला नाही.
उठली. टेबल ओढलं, स्टूल लावलं,
भिंतीच्या कोपऱ्यात जागा केली,
अंगावरची शाल दोन्ही हातांनी ताणून धरली
आणि तोंड फिरवलं.
येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत राहिली,
थांबा, काम चालू शे.

आम्ही थांबलो.
शालीला एक भोक होतं, त्यातून उन्हाचा ठिपका
बदकाच्या चोचीवर पडलेला.
मी बोललो नाही. विचारलं नाही.
विचारणं सोडल्यावरच बहुतेक
ओजूचा चेहरा लाल झाला, मग गंभीर,
मग एकदम रिकामा, शांत,
बाजार उठल्यावर चौक होतो तसा.
ती उठून वाकली, आत निरखून पाहिलं,
आणि हात हलवला. टाटा.

मी भांडं धुतलं, हात धुतले, तिचे, माझे.
दहाची नोट पुढे केली.
बाईनं ती परत माझ्या खिशात कोंबली.
पोरनं काय घेऊ? म्हणाली,
आणि उरलेले सुट्टे पहिल्यापासून मोजायला लागली.

गाडीत कुणी काही विचारलं नाही.
सगळे मुद्दाम समोर बघत होते.
पायरी चढून ओजू मधोमध उभी राहिली
आणि तिला कुणीच न शिकवलेल्या भाषेत
जाहीर केलं,
उनी!
कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली.

धुळ्याला आईनं उचलून घेतलं.
त्रास नाही ना दिला बाबाला?
मी गाडी थांबवली, ओजू म्हणाली,
दोनदा मान हलवली,
आणि आईच्या कडेवर, झोपेनं सुजलेल्या त्या डोळ्यांत बघत,
निवांत शू केली.

पिशवीत सगळ्या पाच कोरड्या होत्या.
साडी मात्र एकही नव्हती.